जुने स्थानक, नवी वाट

मुलांनो, संध्याकाळी तुम्ही कधी मीरा रोड किंवा भाईंदर स्थानकावर उतरला आहात का? गाडी थांबते आणि शेकडो माणसे एकदम जिन्याकडे वळतात. कुणी चढत असते, कुणी उतरत असते. बाहेर बस आणि रिक्षा गाठण्याची घाई असते.

अशी गर्दी जीवघेणी ठरू शकते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी मुंबईत पाऊस पडत होता. एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्थानकाच्या अरुंद पुलावर लोक थांबून राहिले. मागून आणखी प्रवासी येत राहिले. चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचे प्राण गेले.

म्हणून जुनी स्थानके सुधारावी लागतात. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या टप्प्यात मीरा रोड आणि भाईंदर ही दोन्ही स्थानके आहेत.

सुधारणा म्हणजे नुसता रंग देणे नव्हे. फलाटांच्या वर रुंद डेक बांधतात. तिकीट खिडक्या तिथे नेल्या, की खालचा फलाट मोकळा होतो. लिफ्ट आणि सरकता जिना असला, की वृद्धांची व अपंगांची सोय होते. बसथांबा पुलाच्या पायथ्याशी असला, तर गर्दीचा रस्ता ओलांडावा लागत नाही.

मात्र पूल रुंद झाला आणि आपण रूळच ओलांडले, तर त्याचा काय उपयोग? दोन मिनिटे उशीर झाला तरी चालेल. घरी कोणीतरी आपली वाट पाहत असते.