वेलिंग्टनचा ड्यूक : सेनानी आणि राजकारणी

आर्थर वेलस्ली हे नाव महाराष्ट्रातील अभ्यासकांना १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धामुळे परिचित आहे. अहमदनगर, असई, अडगाव व गाविलगड येथील विजय त्यांच्या नावावर आहेत. पुढे वॉटर्लू येथे (१८१५) नेपोलियनचा पराभव करणारा हा सेनानी ब्रिटनचा पंतप्रधान झाला. त्याची राजकीय कारकीर्दही तितकीच अभ्यसनीय आहे.

१७६९ मध्ये आयर्लंडमधील सरदार घराण्यात वेलस्ली यांचा जन्म झाला. त्या काळी ब्रिटिश सैन्यातील अधिकारपदे विकत घेता येत. थोरले बंधू रिचर्ड यांच्या आर्थिक साहाय्याने १७९३ मध्ये त्यांनी ३३ व्या पलटणीचे लेफ्टनंट कर्नलपद मिळविले. १७९८ मध्ये हेच बंधू हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल झाले. अशा रीतीने संधी कुळामुळे लाभली. तिचे सार्थक मात्र कर्तृत्वाने झाले. उमरावशाहीवरील त्यांच्या निष्ठेचे मूळ या अनुभवात शोधता येते.

सेनानी म्हणून वेळीच माघार घेणे त्यांनी कमीपणाचे मानले नाही. १८१० मध्ये पोर्तुगालमध्ये ते लिस्बनजवळील तटबंदीमागे हटले आणि फ्रेंच सैन्य उपासमारीने जेरीस आले. हेच धोरण राजकारणातही दिसते. कॅथलिकांना संसदेत प्रवेश देण्यास त्यांच्या पक्षाचा विरोध होता. परंतु १८२८ मध्ये डॅनियल ओ'कॉनेल आयर्लंडमधून निवडून आल्यावर यादवीचा धोका ओळखून पंतप्रधान वेलिंग्टन यांनी १८२९ मध्ये तो कायदा संमत करविला. त्यापायी लॉर्ड विंचिल्सी यांच्याशी पिस्तुलांचे द्वंद्वही त्यांनी पत्करले.

मताधिकाराच्या प्रश्नावर मात्र हा विवेक सुटला. २ नोव्हेंबर १८३० रोजी त्यांनी संसदीय सुधारणेस उमरावसभेत स्पष्ट नकार दिला. दोन आठवड्यांत मंत्रिमंडळ कोसळले. अखेर १८३२ मध्ये विरोधी उमरावांसह मतदानापासून दूर राहून त्यांनी सुधारणा विधेयकाची वाट मोकळी केली. १८४६ मध्ये धान्य कायदे रद्द करण्यासही त्यांनी उमरावांचे मन वळविले.

१८५२ मध्ये त्यांचे निधन झाले. पदे विकत घेण्याची पद्धती १८७१ मध्ये संपुष्टात आली. ज्या व्यवस्थेने वेलिंग्टन यांना घडविले तिचे रक्षण त्यांनी आयुष्यभर केले. तथापि त्या व्यवस्थेची पीछेहाट रक्तपाताविना व्हावी, यालाही त्यांच्या माघारीनेच मोठा हातभार लावला.