पऱ्हाटीची रेषा

आमचा तालुका केळापूरच्या नावाचा. कचेऱ्या, बाजार, जिनिंग मात्र सगळे पांढरकवड्याला. केळापूरला जगदंबेचे देऊळ. या भागात मी दहावीला गणित शिकवतो. 'रेषेचा चढ' आणि 'आंतरखंड' हे शब्द फळ्यावर उमटले की पोरांचे चेहरे कोरे होतात. वाय बरोबर एम एक्स अधिक सी. पाठ असते, उदाहरणे सुटतात, गुणही पडतात. पण यातला सी म्हणजे काय रे, असे विचारले की वर्ग खाली बघतो. दोष पोरांचा नाही. मीही ते तसेच शिकलो होतो.

वेचणीच्या दिवसांत निम्मे बाक रिकामे. आठवडाभराने उगवलेल्या एका मुलाला रागवण्याऐवजी मी विचारले, "वेचाई काय देता?"

"किलोले दहा रुपये, सर."

"आणि कापूस निघालाच नाही तर?"

"तं वेचाई नाही. पन बियानं, खत, फवारा, निंदन, थे तं लागलंच न!"

खडू त्याच्या हाती दिला. आडव्या अक्षावर क्विंटल, उभ्यावर रुपये. एका एकराचा खर्च धरला चोवीस हजार. बोंड फुटो न फुटो, तो झालेलाच. म्हणून खर्चाची रेषा शून्यातून निघत नाही, उभ्या अक्षाला चोवीस हजारांवर छेदून निघते. तोच आंतरखंड. पुढे दर क्विंटलला वेचाईचे हजार रुपये वाढतात, तो चढ. भाव धरला सात हजार. (२०२५-२६ साठी मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० रुपये होता, पण ओलावा दाखवून व्यापारी किती कापतो, हे इथल्या पोरांना मी सांगायला नको.) उत्पन्नाची रेषा मात्र शून्यातूनच निघते, पण चढ सात हजारांचा. क्विंटलमागे सहा हजार उरतात, म्हणजे चार क्विंटलवर दोन्ही रेषा भेटतात. त्याच्या आत तोटा.

मग पोरेच विचारू लागली. भाव ५,८०० झाला तर? चढ उतरतो, भेट पाच क्विंटलवर जाते. आणि बोंडअळीमुळे फवाऱ्याचे सहा हजार वाढले तर? चढ तोच, आंतरखंड तीस हजारांचा. भेट पुन्हा पाचवरच. दोन्ही एकदम झाले तर सव्वासहा. वर्ग गप्प झाला. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली आणि त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, हे प्रत्येकाच्या घरात ठाऊक आहे. कोरडवाहू एकराला सव्वासहा क्विंटल दरवर्षी कुठून यायचे?

देकार्तने १६३७ साली बीजगणित आणि भूमितीची गाठ घातली, हे सांगायचे मी त्या दिवशी विसरलो. तास संपल्याची घंटा झाली तरी तो मुलगा फळ्यापाशीच उभा.

"सर, पऱ्हाटीत तुरीच्या ओळी असतेत न. तुरीचे सहा हजार आले तं?"

"खर्च वजा जाता?"

"हो. थे तं कापसाआधी धरू."

त्याने उत्पन्नाची रेषा पुसली, उभ्या अक्षावर सहा हजारांची खूण केली आणि तिथून नवी रेषा काढली. जुनीला समांतर, फक्त वर उचललेली. खर्चाच्या रेषेला ती तीन क्विंटलवर भेटली. त्याने तीनाभोवती गोल केला आणि वहीत उतरवून घेतले, बाबाला दाखवायला.