शेजाऱ्याच्या वतीने राउटरचं उत्तर

हॉटेलच्या दोन खोल्यांमधले पाहुणे एकाच नेटवर्कवर असले, तरी एकाच्या लॅपटॉपमधून दुसऱ्याच्या लॅपटॉपमध्ये डोकावता येऊ नये. म्हणून स्विचचे पोर्ट ‘आयसोलेटेड’ करतात. तिथून निघालेली माहिती फक्त राउटरकडे जाते, शेजारच्या पोर्टकडे नाही. पण त्या दोघांना खरोखरच एकमेकांशी संपर्क साधायचा असेल तर?

अडचण पत्त्यापाशी येते. आयपीव्ही4 प्रकारचा आयपी पत्ता 32 बिटांचा, पण केबलवरून माहिती पोहोचवायला 48 बिटांचा मॅक पत्ता लागतो. या दोहोंची सांगड घालणारी एआरपी ही पद्धत डेव्हिड प्लमर यांनी 1982 मध्ये मांडली. ‘हा आयपी पत्ता कोणाचा?’ असं संगणक सगळ्यांना विचारतो आणि ज्याचा असेल तो आपला मॅक पत्ता कळवतो. एकाच सबनेटमधल्या, म्हणजे नेटवर्कच्या एकाच उपविभागातल्या, यंत्रासाठी राउटरची वाट धरायची नाही, थेट हाक मारायची, असा नियम. आयसोलेटेड पोर्टवर ही हाक शेजाऱ्यापर्यंत जातच नाही.

मग प्रत्येकाला वेगळं सबनेट का देऊ नये? चार पत्त्यांच्या सबनेटमधले दोन नियमानेच राखीव, एक राउटरचा. ग्राहकाच्या वाट्याला उरतो एकच. आयपीव्ही4 पत्त्यांची टंचाई असताना ही उधळपट्टी परवडत नाही.

यावरचा तोडगा म्हणजे प्रॉक्सी एआरपी. विचारलेल्या पत्त्यासाठी राउटर स्वतःचाच मॅक पत्ता कळवतो, आलेली माहिती ताब्यात घेतो आणि शेजाऱ्याकडे धाडतो. 1987 च्या आरएफसी 1027 या इंटरनेट-तंत्रविषयक दस्तऐवजात ही युक्ती वेगवेगळ्या तारांवरची सबनेट जोडण्यासाठी सांगितली होती. प्रश्न ज्या इंटरफेसवरून आला, त्याच बाजूच्या यंत्रासाठी राउटर एरवी गप्प राहतो. ते यंत्र स्वतःच उत्तर देईल, हे गृहीत असतं. आयसोलेशनमध्ये हे गृहीतकच कोसळतं. म्हणून अशा वेळीही राउटरला उत्तर देऊ देणारी ‘प्रॉक्सी_एआरपी_पीव्हीलॅन’ ही वेगळी सेटिंग लिनक्समध्ये आहे.

ती सुरू करताना डोळे उघडे हवेत. स्विचने तोडलेली वाट राउटरमार्गे पुन्हा खुली होते; कोणाला जाऊ द्यायचं, हे फायरवॉलच्या नियमांत लिहिलं नाही तर आयसोलेशनला अर्थ उरत नाही. शिवाय नवा संगणक पत्ता घेण्यापूर्वी ‘हा कोणी वापरतंय का?’ असं विचारतो. राउटरने त्यालाही सरसकट उत्तर दिलं, तर मोकळा पत्ताही व्यापलेला ठरतो आणि संगणक नेटवर्कबाहेरच राहतो.