सुगरणीचा खोपा विणतो कोण?

पावसाळ्यात गावाकडच्या रस्त्याने जाताना विहिरीवर झुकलेली एखादी बाभूळ किंवा शिंदीचं झाड दिसलं, तर घटकाभर थांबा. फांद्यांच्या टोकांना सुगरणीचे खोपे झुलत असतात. बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे हा खोपा घरोघरी पोचला. त्याचं कौतुक मात्र आपण मादीचं करत आलो. पक्ष्याचं नावही स्त्रीलिंगी! प्रत्यक्षात हे विणकाम नराचं.

एरवी सुगरणीचे नर-मादी दोघंही चिमणीसारखे दिसतात. विणीचा हंगाम आला, की नराच्या डोक्यावर आणि छातीवर हळदीसारखा पिवळा रंग चढतो. मग तो कामाला लागतो. गवताच्या किंवा भाताच्या पात्याला चोचीने खाच पाडायची, कड धरून उडायचं आणि लांब पट्टी सोलून न्यायची. एका खोप्यासाठी अशा पाचशेपर्यंत फेऱ्या होतात. पाती हिरवी असतानाच वाकतात, म्हणून पावसाळा हाच विणकामाचा काळ.

आधी फांदीला गाठी, मग एक कडं, मग उलट्या टोपीसारखा आकार. इथे नर थांबतो. अर्ध्या खोप्याला लोंबकळून, पंख फडफडवत, चिवचिवाट करत तो माद्यांना बोलावतो. त्या येतात, आत शिरून पाहणी करतात. विणकामाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, त्या जागा बघतात, असं अभ्यासातून दिसलं आहे. बारीक फांदीचं टोक आणि भरपूर उंची असली, की शत्रूला तिथवर पोचणं अवघड जातं.

पसंती मिळाली, की नर खोपा पूर्ण करतो. एका बाजूला अंड्यांची खोली आणि दुसऱ्या बाजूला खाली उतरणारी नळी. पसंती नाही मिळाली, तर तो खोपा तसाच सोडून दुसरा सुरू करतो. झाडावर जे अर्धवट खोपे दिसतात, त्यांतले बरेचसे वाऱ्याने मोडलेले नसतात, नाकारलेले असतात.

पुढची गंमत डॉ. सलीम अली यांनी उलगडली. १९३०च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीम इथे त्यांनी सुगरणींच्या वसाहतीवर चिकाटीने नजर ठेवली. त्यांच्या लक्षात आलं, की एका खोप्यात मादीचा संसार मांडून झाला, की नर दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. दोन ते चार अंडी उबवण्याचं काम एकटी मादीच करते. तेव्हा सुगरण हे नाव अगदीच वाया गेलं, असं नाही!

हे सारं पाहायला फार काही लागत नाही. साधी दुर्बीण, वही आणि झाडापासून थोडं अंतर. आपण फार जवळ गेलो, तर पक्षी काम थांबवतात. दिवाणखान्यात शोभेसाठी म्हणून खोपा तोडून आणू नका. आत अंडी किंवा पिल्लं असू शकतात. रिकाम्या खोप्यात पुढे मुनियासारखे छोटे पक्षी आसरा घेतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही रानपक्ष्यांच्या घरट्यांना आणि अंड्यांना संरक्षण दिलं आहे.

विहीर बुजवताना किंवा बांधावरची बाभूळ तोडताना एकदा वर पाहावं. एका झाडाबरोबर सुगरणींची अख्खी वसाहत उठते.