पेठेची शोभा आणि पेठकऱ्यांचे कर्तव्य

परगावचा व्यापारी नगरास आला, सौदा आटोपला आणि गाडीस दोन-चार तास अवकाश राहिला, तर आपण त्यास काय दाखवितो? हा प्रश्न आम्ही कापड बाजारातील व डाळमंडईतील वाचकांस मुद्दाम विचारीत आहोत. बहुधा उत्तर येते, डोंगरावरचा चांदबिबीचा महाल. आता तो महालही नव्हे आणि चांदबिबीचाही नव्हे. ती निजामशाहीचा कारभारी सलाबतखान याची तीन मजली अष्टकोनी कबर आहे. रोज ज्या इमारतीकडे नजर जाते तिचा धनी कोण हे गावास ठाऊक नसावे, ह्यास काय म्हणावे?

शहराचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले. परंतु नाव पालटले म्हणून दगड पालटत नाहीत. हुसेन निजामशहाने 1559 ते 1562 च्या दरम्यान दगडी बांधलेला भुईकोट किल्ला, 1567 सालची कोरीव दमडी मशीद, तळ्याच्या मधोमध उभा असलेला फराहबाग, ही संपत्ती थोडी नव्हे. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे; राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या वास्तूंस 1958 च्या कायद्याचे कवच आहे, व 2010 च्या दुरुस्तीने अशा वास्तूंभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम वर्ज्य झाले आहे. आमची चिंता ह्या वास्तूंविषयी नाही. माळीवाडा वेस, दिल्ली दरवाजा, पेठेतील जुने वाडे व नक्षीच्या लाकडी खांबांची दुकाने ह्यांचा वाली कोण, हा खरा प्रश्न आहे.

येथे एका इंग्रजी बाजारगावाचा दाखला देतो. ज्यांच्या वेलस्लीने 1803 साली हाच किल्ला घेतला आणि ज्यांनी 1942 साली काँग्रेसचे पुढारी ह्याच किल्ल्यात कोंडले, त्यांचे गुण गाण्याची आम्हांस हौस नाही. पण चांगली गोष्ट शत्रूपासूनही घ्यावी. ग्लॉस्टरशायर परगण्यात चिपिंग कॅम्डन नावाचे गाव आहे. जुन्या इंग्रजीत 'चिपिंग' म्हणजे बाजारच. मध्ययुगात लोकरीच्या व्यापारावर हे गाव गबर झाले. तेथे 1627 साली सर बॅप्टिस्ट हिक्स ह्याने भररस्त्यात कमानींची एक दगडी बाजारशाळा बांधली, की लोणी, चीज व कोंबड्या विकणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर असावे. हा हिक्स कोणी राजा नव्हे, तर लंडनचा रेशमी कापडाचा व्यापारी! पुढे 1940 नंतरच्या दशकात ही शाळा परदेशी विकली जाण्याची वेळ आली, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी जमवून ती स्वतःच विकत घेतली व नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेच्या हवाली केली. आज त्या झिजलेल्या फरशीवर उभे राहण्यासाठी दूरदूरचे प्रवासी येतात आणि जाताना त्याच गावच्या दुकानांत पैसा ठेवून जातात.

कोणी म्हणेल, इंग्रजास हे परवडते. आमच्या वाड्यात सात भाऊबंद, भाडे जुने, भिंत पोकळ, दुरुस्तीस पैसा आणावा कोठून? हा आक्षेप आम्ही खरा मानतो. वारसा जपण्याचा सगळा भार एकट्या घरमालकावर टाकणारा उपदेश फुकटचा असतो. म्हणून आमचे पहिले मागणे महानगरपालिकेपाशी आहे. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे विकास योजनेत ऐतिहासिक व वास्तुशिल्पाच्या महत्त्वाच्या इमारतींच्या जतनाची तरतूद करता येते. ती करावी, आणि जो मालक वाडा न पाडता डागडुजी करील त्यास घरपट्टीत भरघोस सूट द्यावी. नुसत्या निषेधाचा कायदा मालकास चोर करतो, सुटीचा कायदा त्यास राखणदार करतो.

दुसरे मागणे पेठेपाशी. वेशीवर फलक टांगताना व कमानीच्या पायथ्याशी माल रचताना आपण कोणाची परवानगी घेतो? ते फलक ज्याचे त्याने उतरवावेत. व्यापारी मंडळींनी वर्गणी काढून माळीवाडा वेशीपाशी तिची हकीकत सांगणारी एक मराठी पाटी, खात्याच्या संमतीने, बसवावी. खर्च एका दुकानाच्या दिवाळीच्या रोषणाईहून अधिक येणार नाही. पुढच्या दिवाळीपूर्वी हे काम उभे करण्यास पेठेतील कोणती मंडळी पुढे येते, हे पाहण्यास आम्ही उत्सुक आहोत.