गेमिंग लॅपटॉप घेताय? आधी पिनकोड सांगा!

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. बारावीचा निकाल लागला, ॲडमिशन झालं, की माझ्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरायला लागतो: "दादा, ऐंशी हजारांत कोणता गेमिंग लॅपटॉप घेऊ?" ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी सगळं इथे लिहून देतोय.

मी त्यावर उलटा प्रश्न विचारतो: "तुझा पिनकोड काय?"

हसू नका, कारण आहे. आपला अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सगळ्यात मोठा. चौदा तालुके. नगर शहराचा पिनकोड ४१४००१, जामखेडचा ४१३२०१, संगमनेरचा ४२२६०५ आणि कोपरगावचा ४२३६०१. एकाच जिल्ह्यात पिनकोडची सुरुवातच चार प्रकारची! अकोले-संगमनेरवाल्याला नाशिक सोयीचं, पारनेर-श्रीगोंद्याला पुणे, नेवाशाला छत्रपती संभाजीनगरही चालतं. म्हणजे लॅपटॉप बंद पडला तर तो घेऊन कुठल्या एसटीत बसायचं, याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं. यूट्यूबवरचा रिव्ह्यू करणारा मुंबई-दिल्लीत बसलेला असतो. त्याला हा प्रश्नच पडत नाही. आपल्याला पडलाच पाहिजे.

आधी सर्व्हिस, मग मॉडेल

वॉरंटी ढोबळमानाने दोन प्रकारची असते. ऑनसाइट म्हणजे इंजिनिअर तुमच्या घरी येतो. कॅरी-इन म्हणजे तुम्ही लॅपटॉप घेऊन सर्व्हिस सेंटरला जाता. जाहिरातीत "ऑनसाइट" लिहिलं म्हणून तो तुमच्या वस्तीवर येईलच असं नाही. बऱ्याचदा ही सोय ठरावीक भागापुरतीच असते.

म्हणून दोन-तीन मॉडेल मनात आली की खरेदीच्या आधीच त्या कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावा आणि तीन गोष्टी विचारा:

१. माझ्या पिनकोडवर इंजिनिअर घरी येतो का?
२. येत नसेल तर मला जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठलं?
३. मदरबोर्ड किंवा स्क्रीन बदलायची वेळ आली तर साधारण किती दिवस धरायचे?

शक्यतो हे चॅटवर किंवा ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तराचा पुरावा राहतो. दोन लॅपटॉप साधारण सारखेच असतील, तर ज्याची सर्व्हिस तुमच्या गावाला जवळची, तो घ्या. पाच-दहा फ्रेम कमी मिळाल्या तरी चालेल. सेमिस्टरच्या मध्यात महिनाभर लॅपटॉपशिवाय बसणं परवडत नाही.

आणखी एक गोष्ट. पडून स्क्रीन फुटली, कीबोर्डवर चहा सांडला, तर साधी वॉरंटी हे भरून देत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. विजेच्या चढ-उताराने बोर्ड जळाला तरी बहुतेक कंपन्या हात वर करतात. लोडशेडिंग असलेल्या गावात राहत असाल तर बोर्डला नीट अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या आणि चांगला स्पाइक गार्ड लावा.

आता मशिनकडे वळू

पहिला प्रश्न स्वतःला: मी खेळणार काय? बीजीएमआय हा मुळात मोबाइलचा गेम आहे. फक्त तेवढ्यासाठी लॅपटॉप घेत असाल तर थांबा. व्हॅलोरंट तसा हलका गेम आहे, त्याला महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मोठे, नवे, ओपन वर्ल्ड गेम खेळायचे असतील किंवा व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी शिकायचं असेल, तर कार्डावर पैसे घाला.

पण नुसतं कार्डाचं नाव बघून भुलू नका. उदाहरण देतो. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०६० कार्डाला कंपनी ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही वीज देऊ शकते. नाव तेच, स्टिकर तोच, पण ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक. कमी वॉटचं ४०६० हे पूर्ण वॉटच्या ४०५० च्याही मागे पडू शकतं. स्पेसिफिकेशनमध्ये "टीजीपी" नावाचा आकडा शोधा. दुकानदाराला तो सांगता येत नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवर त्याच मॉडेल नंबरचं पान उघडा.

रॅम १६ जीबी धरा. शक्यतो ८-८ च्या दोन पट्ट्या असाव्यात, एकाच पट्टीने गेमिंगचा वेग कमी होतो. नंतर वाढवायला जागा आहे का, तेही विचारा. स्क्रीन १४४ हर्ट्‌झची मिळते, पण रंगांकडेही बघा. "४५ टक्के एनटीएससी" लिहिलं असेल तर रंग फिके दिसणार. "१०० टक्के एसआरजीबी" असेल तर चांगलं.

आणि उष्णता! एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला जातो, त्यात धूळ. पंख्यात धूळ बसली की मशिन गरम होतं आणि स्वतःचा वेग स्वतःच कमी करतं. गादीवर ठेवून खेळू नका, वर्षातून एकदा साफ करून घ्या. चार्जर काढून बॅटरीवर खेळलात तर वेग पडणारच, तो बिघाड नाही.

विक्रेता ओळखायचा कसा?

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कांदा नेप्तीच्या नाहीतर घोडेगावच्या मार्केटला जातो. वडील आडत्याकडून पट्टी घेतल्याशिवाय येतात का? वजन, भाव, हमाली, सगळं त्या कागदावर असतं, आणि तो कागद जपून ठेवला जातो. बऱ्याचदा त्याच पट्टीच्या पैशातून आपला लॅपटॉप येतो. मग तो घेताना आपण कागद का सोडायचा?

मी एकदा मित्राच्या भावाबरोबर दुकानात गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "बिल कशाला घेता? तीन हजार कमी करतो. वॉरंटीचं मी बघतो की!" आम्ही नमस्कार केला आणि बाहेर पडलो. साधा हिशोब करा. लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के. ऐंशी हजारांच्या लॅपटॉपमध्ये साधारण १२,२०० रुपये करच असतो. त्यातले तीन हजार तुम्हाला देऊन बाकीचं कोणाकडे राहिलं? आणि उद्या भांडायची वेळ आली तर तुमच्या हातात काय राहिलं? बिल न देणं ही ग्राहक कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हेही लक्षात असू द्या.

बिल हातात आलं की हे बघा:

- जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो. महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं.
- लॅपटॉपचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. बॉक्सवरचा, लॅपटॉपच्या खालचा आणि बिलावरचा, तिन्ही एकच हवेत.
- दुकानातच तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटीची तारीख बघा. वॉरंटी चार महिन्यांपूर्वीच सुरू झालेली दिसली तर डेमो पीस असू शकतो. तारीख दुरुस्त करून द्या किंवा दुसरा पीस द्या, असं स्पष्ट सांगा.

चांगला दुकानदार ओळखायचा माझा एक प्रश्न आहे: "काका, बंद पडला तर तुम्ही काय कराल?" जो गडबडतो तो बाद. जो म्हणतो, "तक्रार मी नोंदवून देतो, लॅपटॉप इथे आणून टाका, सेंटरला मी पाठवतो," त्याच्याकडे हजार-दीड हजार जास्त गेले तरी मला चालतात. जामखेडहून पुण्याच्या दोन खेपा आणि बुडालेले दोन दिवस धरा, हिशोब आपोआप जुळतो.

ऑनलाइन घेत असाल तर मोठ्या साइटचं नाव बघून निश्चिंत होऊ नका. खाली विक्रेता कोण आहे ते वाचा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवणं साइटवर बंधनकारक आहे. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. ओपन बॉक्स डिलिव्हरी असेल तर लॅपटॉप बघितल्याशिवाय ओटीपी सांगू नका. पार्सल उघडताना लेबलपासून शेवटपर्यंत न थांबवता व्हिडिओ काढा.

तरीही अडलंच तर?

सर्व्हिस सेंटरला मशिन देताना जॉबशीट घ्या आणि तक्रार त्यावर तुमच्या शब्दांत लिहायला लावा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा. तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली: तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. लॅपटॉप पुण्यातून घेतलेला असो नाहीतर ऑनलाइन, केस आपल्या अहिल्यानगरमध्ये चालू शकते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. मुदत दोन वर्षांची, त्यामुळे "बघू, बघू" करत बसू नका. फक्त बिल, जॉबशीट आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, सगळा खेळ त्यांच्यावर आहे.

तर मंडळी, क्रम असा: पिनकोडवरची सर्व्हिस, मग तुमचा गेम, मग टीजीपी आणि रॅम, मग बिल देणारा दुकानदार. ऑफर, फुकट बॅग आणि माउस सगळ्यात शेवटी. पैसे घरचे देणार असतील तर हा भाग त्यांनाही ऐकवा. तुमचा तालुका आणि बजेट मेसेजमध्ये लिहा, पुढच्या भागात त्यातले काही प्रश्न घेऊ. तोपर्यंत खेळत राहा, आणि हो, पंखा साफ करा!