रॉयल्टी-फ्री म्हणजे फुकट नव्हे!

सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धेश्वरांची मकर संक्रांतीच्या सुमारास भरणारी यात्रा ही स्थानिक वृत्तवाहिन्यांसाठी पर्वणीच. नंदीध्वज मिरवणुकीची दृश्ये पाहता पाहता संकेतस्थळांवर आणि यूट्यूबवर झळकतात. मात्र त्यांना एखाद्या लोकप्रिय भक्तिगीताची जोड दिली, की कॉपीराइटचा प्रश्न उभा राहतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम चालू घडामोडींच्या वार्तांकनाला मर्यादित सवलत देते. बातमीच गाण्याविषयी असेल, तर त्याचा तुकडा ऐकविणे या सवलतीत बसू शकते. निव्वळ शोभेसाठी जोडलेले पार्श्वसंगीत बसणे कठीण. २०१२ च्या दुरुस्तीने प्रसारकांना ठराविक मानधन भरून गाणी वाजविण्याचा वैधानिक परवाना मिळाला. पण तो इंटरनेट सेवांना लागू नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. यूट्यूबवर तर अशी गाणी यंत्रणाच ओळखते. मग जाहिरातीचे उत्पन्न हक्कधारकाकडे वळू शकते आणि ९० दिवसांत कॉपीराइटचे तीन 'स्ट्राइक' झाल्यास चॅनेलच बंद होऊ शकते.

यावर उपाय म्हणून 'रॉयल्टी-फ्री' संगीत वापरले जाते. या शब्दाचा अर्थ मात्र अनेकदा चुकीचा घेतला जातो. कॉपीराइट मूळ हक्कधारकाकडेच राहतो. फक्त प्रत्येक वापरामागे वेगळी रॉयल्टी द्यावी लागत नाही. बहुधा एकदाच शुल्क भरावे लागते आणि परवान्याच्या अटी पाळाव्या लागतात. 'क्रिएटिव्ह कॉमन्स'च्या परवान्यांतही भेद आहेत. काहींत व्यावसायिक वापरास मनाई असते, तर काहींत बदल करण्यास. दृश्यांना संगीत जोडणे हाही तेथे बदलच मानला जातो.

शिवाय एकच धून दहा वाहिन्या वापरू शकतात. वॉल्टर कॉफमन यांच्या संकेतधुनेने आकाशवाणीला जी स्वतंत्र ओळख दिली, ती अशा सामायिक संगीतातून लाभत नाही.

पारंपरिक लोकधुनेवर कोणाची मालकी नसते. तिच्या ध्वनिमुद्रणावर मात्र प्रकाशनानंतर ६० वर्षे हक्क असतो. म्हणून तयार ध्वनिफीत उचलण्याऐवजी स्थानिक हलगी-सनईवादकांकडून अशी धून वाजवून घ्यावी, योग्य मानधन द्यावे आणि वादकांचेही कायदेशीर हक्क असल्याने त्यांची लेखी संमती घ्यावी. त्यातून कायद्याची चिंता मिटेल, कलावंताला काम मिळेल आणि बातमीलाही सोलापूरचा सूर लाभेल.